ॲस्पिरिन आणि स्टॅटिन: हॅमरेजनंतर दोघांचे हिशोब वेगळे

सिंधुदुर्गात कुणा वयस्क माणसाला काय औषध चालू आहे म्हणून विचारलं, की उत्तर येतं, ‘‘रगात पातळ करूची गोळी.’’ पिशवी उघडून बघावी तर आत कधी ॲस्पिरिन, कधी अटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातलं औषध, तर बऱ्याचदा दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये. एरवी या गोंधळाने फारसं अडत नाही. ब्रेन हॅमरेज, म्हणजे मेंदूत रक्तस्राव, झालं की अडतं.

ॲस्पिरिन प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही, आणि तिचा परिणाम त्या प्लेटलेट्स जिवंत असेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस टिकतो. त्यामुळे ‘आज सकाळची गोळी घेतलीच नव्हती’ या सांगण्याने डॉक्टरांची काळजी मिटत नाही. स्टॅटिनचं काम यकृतात. कोलेस्टेरॉल तयार करणारं तिथलं एक एन्झाइम ते अडवतं आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरतं. ते कोलेस्टेरॉलचं औषध, रक्त पातळ करण्याचं नव्हे.

हॅमरेज कळलं की ॲस्पिरिन बंद, यात वाद नाही. मात्र ती जन्मभर बंदच, असंही नाही. ब्रिटनमधल्या ‘रीस्टार्ट’ चाचणीत (2019) पूर्वी अशा गोळ्या घेणारे 537 पेशंट होते. ज्यांना त्या पुन्हा सुरू केल्या त्यांच्यात 12 जणांना परत हॅमरेज झालं, ज्यांना टाळल्या त्यांच्यात 23 जणांना. कधी सुरू करायची ते डॉक्टरच ठरवणार, आपण नव्हे.

स्टॅटिनची गोष्ट जास्त गुंत्याची. कानावर दोन उलट गोष्टी येतात: स्टॅटिन दिलं की हॅमरेजचा पेशंट लवकर सुधारतो, आणि स्टॅटिननेच हॅमरेज होतं. दुसरीचं मूळ 2006 सालच्या ‘स्पार्कल’ चाचणीत आहे. स्ट्रोक (मेंदूची रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून येणारा झटका) किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेले 4,731 लोक तिच्यात होते. रोज 80 मिलिग्रॅम अटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण स्ट्रोक कमी झाले, पण रक्तस्रावाचे 55 झाले; औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 33. डोस मात्र बघा: 80. आपल्याकडच्या जोड कॅप्सूलमध्ये बहुधा 10 किंवा 20 असतो.

आता पहिली. हॉस्पिटलांच्या नोंदी चाळल्या तेव्हा, हॅमरेजनंतर ज्यांचं स्टॅटिन चालू राहिलं ते जास्त संख्येने वाचलेले दिसले. पण ज्याला गिळता येतंय, ज्याच्याबद्दल डॉक्टरांना आशा आहे, त्याच्याच नेहमीच्या गोळ्या चालू राहतात. शेवटचे श्वास मोजणाऱ्याचं कोलेस्टेरॉल कोण बघतो? म्हणजे गोळीने माणूस वाचला, की वाचणाऱ्याला गोळी मिळाली, हे नोंदींवरून सुटत नाही. त्यासाठी पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटावे लागतात. मेंदूच्या आवरणाखालच्या रक्तस्रावात तसं झालं: ‘स्टॅश’ चाचणी, 2014, 803 पेशंट, सिमव्हास्टॅटिन 40 मिलिग्रॅम, तीन आठवडे. सहा महिन्यांनी पाहिलं तर काही फायदा नाही. मेंदूच्या आत, पृष्ठभागाजवळ झालेल्या रक्तस्रावासाठी ‘सॅटर्न’ चाचणी आखली गेली. तिचा प्रश्न इतकाच, की आधीचं स्टॅटिन चालू ठेवावं की थांबवावं. म्हातारपणी तिथल्या रक्तवाहिन्या ठिसूळ होतात, परत फुटायची भीती असते, म्हणून ही सावधगिरी.

तेव्हा ‘सुधारण्यासाठी स्टॅटिन सुरू करा’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरण्यात अर्थ नाही. आधीच हार्टसाठी चालू असेल, स्टेंट असेल, तर ते ठेवायचं की नाही हा वेगळा विचार, आणि तो त्या पेशंटपुरताच होतो. परत हॅमरेज टाळण्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे बीपी आटोक्यात ठेवणं. नेमकी तीच गोळी बरं वाटलं की आपल्याकडे बंद होते, आणि जेवणात सुका बांगडा नि लोणचं तसंच राहतं.

खरी गफलत होते ती कोल्हापूरच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलातून पेशंट घरी आल्यावर. डिस्चार्ज कार्डावर ॲस्पिरिन बंद असते. मुंबईचा मुलगा फोनवर सांगतो, ‘‘बाबा, कोलेस्टेरॉलची तेवढी चालू ठेवा.’’ बाबा कपाटातली जुनी स्ट्रिप काढतात. ती जोड कॅप्सूल असते, आणि ॲस्पिरिन मागच्या दाराने परत पोटात जाते. गावातला मेडिकलवालाही जुनी चिठ्ठी बघून तीच देतो. म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. दोन औषधांची नावं दिसली तर ती स्ट्रिप डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.