शिडाच्या बोटीनं क्रोएशियाचा किनारा : नाव नोंदवण्याआधी वाचा

या सहलीत बोट दिवसाला तीन-चार तास चालते, तीही ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. उरलेला वेळ एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहण्यात, बेटावरच्या गावात भटकण्यात, स्वयंपाकात आणि गप्पांत जातो. ज्यांना एका आठवड्यात सहा शहरं बघायची आहेत त्यांनी आमच्या बसच्या सहलींचं पत्रक मागून घ्यावं. ही सहल वेगळ्या माणसांसाठी आहे.

मार्ग असा : शनिवारी संध्याकाळी स्प्लिटमध्ये बोट ताब्यात मिळते. इसवी सन ३०५ च्या सुमारास रोमन सम्राट डायोक्लेशियननं बांधलेल्या राजवाड्यात हे गाव आजही नांदतं आहे. भिंतींच्या आत घरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे. त्या राजवाड्याचा पांढरा दगड समोरच्या ब्राच बेटावरचा, आणि आपला पहिला मुक्कामही तिथेच. तिथून ह्वार बेटावरचं स्तारी ग्राद. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीकांनी इथल्या शेतांचे तुकडे पाडले, दगडी बांध घातले, आणि त्याच बांधांच्या आत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. मग विस. युगोस्लाव्ह लष्कराचा तळ असल्यामुळे हे बेट १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना बंद होतं. म्हणूनच ते अजून शांत आहे. जवळच्या बिशेवो बेटावरच्या निळ्या गुहेत पाण्याखालून ऊन शिरतं आणि दुपारच्या आधी थोडा वेळ सगळी गुहा निळी उजळते. समुद्र खवळलेला असला तर गुहा बंद असते.

दुब्रोव्निक यात का नाही, हे सगळेच विचारतात. एका आठवड्यात तिथवर जायचं तर इंजिन लावून पळत सुटावं लागतं, आणि मग शिडं कशाला? ते शहर बघण्यासारखं आहेच. सहल संपल्यावर दोन दिवस जोडा, स्प्लिटहून फेरीबोटीची व्यवस्था आम्ही करून देऊ.

शेवटी रोजचा कार्यक्रम वाराच ठरवतो. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून ‘मायेस्त्राल’ सुटतो, तो आपल्या कामाचा. आग्नेयेकडून ‘यूगो’ आला की लाटा वाढतात, आणि डोंगरावरून ‘बुरा’ कोसळू लागला तर बंदरातच थांबायचं. अशा वेळी स्किपरचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानाचा, शब्द अखेरचा; ‘पैसे भरलेत, चला’ हे बोटीवर चालत नाही.

आता राहण्याचं. पाच केबिन : चार तुमच्या, एक स्किपरची. केबिन म्हणजे अंथरूण आणि एक छोटं कपाट, त्यामुळे कडक सूटकेस आणू नका. घडी होणारी कापडी बॅग आणा. टाकीतलं गोडं पाणी मोजकं असतं. आंघोळ समुद्रात करायची आणि वर दोन तांबे गोडं पाणी घ्यायचं. संडासात कागद टाकायचा नाही, अगदी एक तुकडाही नाही. तो तुंबला तर त्रास सगळ्यांनाच. पहाटे उठून मोठ्यानं फोनवर बोलायची सवय असेल तर ती आठवडाभर बाजूला ठेवावी लागेल, कारण फळीपलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं.

जेवण हा बडोदेकरांचा पहिला प्रश्न. बोटीवर गॅसची शेगडी असते आणि स्वयंपाक आपणच पाळीपाळीनं करतो. स्प्लिटच्या मंडईत भाजी, अंजीर, ऑलिव्ह उत्तम मिळतात; बटाटा घालून केलेली ‘ब्लित्वा’ ही पालेभाजी शाकाहाऱ्यांना नक्की आवडेल. इथून मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, भाखरवडी जरूर न्या. मात्र तूप, पेढे, श्रीखंड, आंबे, ताजा कढीपत्ता नेऊ नका : युरोपीय संघात बाहेरचे दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत आणि बहुतेक ताज्या फळभाज्यांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो. किराणा, डिझेल, बंदराचं भाडं आणि स्किपरचं जेवण यासाठी सगळ्यांनी मिळून एक गल्ला करायचा. हा खर्च सहलीच्या रकमेत धरलेला नाही.

पोहता येत नसलं तरी या, लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळतं. गुडघे फार दुखत असतील तर मात्र आग्रह करणार नाही, कारण केबिनचा जिना उभा असतो आणि दिवसातून वीसदा चढावा लागतो. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या. एकदा मळमळू लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

काळ दोन : जूनचा पहिला पंधरवडा, किंवा गणपती झाल्यावर नवरात्राआधी. सप्टेंबरात पाणी कोमट आणि गर्दी कमी, म्हणून आमचा कौल त्याला. पितृपंधरवड्यात प्रवास नको असेल त्यांनी जून घ्यावा. गरबा कुणाचाच चुकणार नाही.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आहे आणि चलनही युरो आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. कागद आम्ही तपासून देतो.

एक अट आमची स्वतःची. रक्कम भरण्याआधी आठही प्रवाशांनी आमच्या दांडिया बाजारातल्या कार्यालयात एकदा एकत्र बसायचं. चहा आमचा. स्वयंपाकाच्या पाळ्या, केबिनची वाटणी, कुणाला काय चालत नाही, हे तिथेच ठरेल. त्या बैठकीनंतर कुणाला मागे फिरावंसं वाटलं तर काही कापून घेत नाही.