आशा सोडल्यावर आलेले अल्बम

एखादा अल्बम अपेक्षेपेक्षा सरस निघाला असे म्हणायचे, तर आधी अपेक्षा खालावलेली असावी लागते. आणि ती खालावण्यासाठी त्या बँडचे आधीचे अल्बम निघाले त्याच क्रमाने ऐकलेले असावे लागतात. 1990 नंतरच्या काही वर्षांत इंदुरात मेटल, म्हणजे रॉक संगीताचा जोरकस गिटारप्रधान प्रकार, ऐकणाऱ्या आम्हा मोजक्या मराठी मुलांच्या वाट्याला हा क्रम आलाच नाही. रामबागेतल्या आमच्या घरी पुण्याच्या मामेभावाने भरून आणलेली 90 मिनिटांची एक कॅसेट होती. तिच्या एका बाजूला ब्लॅक सॅबथचा ‘हेवन अँड हेल’ होता आणि दुसऱ्या बाजूला जुडास प्रीस्टचा ‘पेनकिलर’. दोन्ही अल्बम आम्हाला थोर वाटले. पण ते निघाले तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतले श्रोते इतके चकित का झाले होते, हे उमजायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

ब्लॅक सॅबथची गोष्ट आधी पाहू. 1970 ते 1975 या काळातल्या सहा अल्बमांनी या बर्मिंगहॅमच्या बँडने मेटलचा पायाच घातला, परंतु ‘टेक्निकल एक्स्टसी’ (1976) आणि ‘नेव्हर से डाय’ (1978) यांत तो जोर उरला नव्हता. 1979 साली गायक ऑझी ऑस्बर्न यांना बँडमधून काढण्यात आले. ऑझींचा आवाज म्हणजेच सॅबथ अशी श्रोत्यांची धारणा असल्यामुळे हा बँड आता संपला, असे मानणारे पुष्कळ होते. ऑझींच्या जागी रेनबो या बँडचे माजी गायक रॉनी जेम्स डिओ आले, बासवादक गीझर बटलर मध्यंतरी काही काळ दूर राहिले, आणि एवढ्या पडझडीनंतर एप्रिल 1980 मध्ये मार्टिन बर्च यांच्या निर्मितीखाली ‘हेवन अँड हेल’ प्रसिद्ध झाला.

तो सरस ठरला याचे कारण गायकाच्या आवाजापेक्षा गाण्याच्या बांधणीत अधिक आहे, असे मला वाटते. जुन्या सॅबथमध्ये, उदाहरणार्थ ‘आयर्न मॅन’मध्ये, साथीची पेटी गायकाच्या मागोमाग जावी तसा ऑझींचा आवाज गिटारच्या सुरावटीला धरून चालतो. डिओ तसे गात नाहीत. टोनी आयोमी यांची गिटार आपली सुरावट घोळवत असताना डिओ तिच्यावरून वेगळीच चाल नेतात आणि समेवर आल्यासारखे तिला येऊन मिळतात. त्यामुळे आयोमींच्या गिटारला मोकळी जागा मिळाली. मी सॅबथ प्रथम ऐकले ते डिओंच्या आवाजात, आणि पुढे ऑझींच्या काळातला ‘पॅरनॉइड’ हाती आला तेव्हा मला ऑझीच परके वाटले. लंडनच्या श्रोत्याने जे गमावले असे 1979 साली मानले होते, ते माझ्याजवळ मुळात नव्हतेच.

‘पेनकिलर’ची पार्श्वभूमी याहून बिकट होती. जुडास प्रीस्टने ‘टर्बो’ (1986) मध्ये गिटार-सिंथेसायझर वापरून त्या काळच्या चकचकीत रॉकशी जुळवून घेतले, आणि ‘रॅम इट डाउन’ (1988) वरच्या तालाचा काही भाग यंत्राने वाजवलेला होता. जुने श्रोते नाराज झाले होते. शिवाय अमेरिकेत या बँडवर एक खटला चालू होता. 1985 साली दोन तरुणांनी उचललेल्या टोकाच्या पावलाला 1978च्या एका अल्बममधील गाण्यात दडवलेला संदेश कारणीभूत आहे, असा त्यांच्या कुटुंबीयांचा दावा होता. नेव्हाडा राज्यातील रीनो येथे 1990च्या उन्हाळ्यात त्याची सुनावणी झाली, ऑगस्टमध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला आणि सप्टेंबरमध्ये ‘पेनकिलर’ आला. अल्बमच्या सुरुवातीलाच नवे ड्रमवादक स्कॉट ट्रॅव्हिस दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवत एकटे सुरू होतात, आणि गिटार येण्यापूर्वीच हा बँड बदलल्याची खात्री पटते. हा अल्बम 46 मिनिटांचा आणि कॅसेटची बाजू 45 मिनिटांची असल्यामुळे ‘वन शॉट अ‍ॅट ग्लोरी’ या शेवटच्या गाण्याचा शेवट आमच्या प्रतीत तुटलेला होता. तो मी पूर्ण ऐकला कॉम्पॅक्ट डिस्क मिळाल्यावर, आणि तेव्हा मला गलबलून आले होते.

आयर्न मेडनचा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (2000) याच वाटेने आला. गायक ब्रूस डिकिन्सन यांच्याविना काढलेल्या दोन अल्बमांनंतर ते आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले, आणि तीन गिटार घेऊन बँडने स्टुडिओत बरेचसे ध्वनिमुद्रण एकत्र वाजवून केले.

आमच्यासाठी खरा बदल झाला तो मेटॅलिका या बँडच्या वेळी. ‘सेंट अँगर’ (2003) वर गिटारचे एकल वादन नव्हते आणि स्नेअर ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा ऐकू येत होता. तो अल्बम इंदुरातही निघाल्याबरोबर ऐकला गेला आणि इथेही तितकीच निराशा झाली. 2006 साली शहरात निकोटिन हा स्वतःचा मेटल बँड उभा राहिला होता, मार्च 2007 मध्ये आयर्न मेडन बंगळुरूत वाजवून गेले होते, आणि इंटरनेटमुळे जगाशी असलेले कित्येक वर्षांचे अंतर मिटले होते. त्यामुळे सप्टेंबर 2008 मध्ये रिक रुबिन यांच्या निर्मितीखाली ‘डेथ मॅग्नेटिक’ आला, तेव्हा लांबलचक गाणी आणि परतलेले एकल वादन ऐकून झालेला आनंद आम्हाला प्रथमच इतरांच्या बरोबरीने मिळाला. त्यातला दोषही आम्ही बरोबरच ऐकला. आवाजाची पातळी इतकी चढवली होती की ध्वनी जागोजागी फाटत होता, आणि ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये दिलेली तीच गाणी अधिक स्वच्छ वाजत होती. रचना उत्तम असूनही ध्वनिमुद्रणाने तिचे नुकसान करावे, याची खंत मला आजही वाटते.

मार्च 2018 मध्ये जुडास प्रीस्टचा ‘फायरपॉवर’ आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड 66 वर्षांचे होते. गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे महिनाभरापूर्वीच जाहीर झाले होते, त्यामुळे अनेकांनी या अल्बमकडे केवळ निरोपाच्या भावनेने पाहिले होते. 1980च्या दशकातले बँडचे निर्माते टॉम अ‍ॅलम यांच्या जोडीला अँडी स्नीप आले, आणि हा अल्बम अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचला. तेथे इतका वरचा क्रमांक या बँडला आधी कधीच मिळाला नव्हता. त्यानंतरच्या दौऱ्यात टिप्टन यांचा भाग स्नीप वाजवत, आणि काही कार्यक्रमांत शेवटच्या दोन-तीन गाण्यांसाठी टिप्टन स्वतः गिटार घेऊन मंचावर येत.