कडबा, शेणखत आणि पायवाटा : हौसा-फुलानी शेतगावाची पार्श्वभूमी

उत्तर नायजेरियात कानो, कात्सिना आणि झारिया या शहरांच्या मधल्या सपाट सवाना प्रदेशातील एखाद्या गावात पाहुणा गेला, की त्याला प्रथम ‘माई गारी’ म्हणजे गावप्रमुखाकडे नेतात. घराच्या दर्शनी भागातील ‘झाउरे’ या मातीच्या खोलीत त्याला बसवतात आणि पुष्कळदा कोला फळाची बी हातात ठेवून त्याचे स्वागत करतात. बाहेरून पाहणारा या लोकांना ‘हौसा-फुलानी’ असे एका दमात म्हणतो. प्रत्यक्षात या जोडशब्दामागे दोन निराळ्या भाषा, दोन निराळी उपजीविका आणि त्यांच्यात शतकानुशतके चालत आलेला व्यवहार आहे.

हौसा हे मूळचे शेतकरी, कारागीर आणि व्यापारी. दाउरा, कानो, कात्सिना, झाझाउ (झारिया), गोबिर, रानो आणि बिराम या सात राज्यांना ते आपली मूळ राज्ये मानतात. दाउराच्या कुसुगू विहिरीतील सर्प मारणाऱ्या बायाजिद्दाच्या वंशजांनी ती स्थापन केली, अशी दंतकथा आहे. ही शहरे तटबंदीची होती आणि दुष्काळात किंवा स्वारीच्या वेळी आसपासची खेडी तटाच्या आत आश्रयाला येत. आत शेतीसाठीही जमीन राखलेली असे. फुलानी हे पश्चिमेकडील सेनेगल नदीच्या खोऱ्यातून गुरांमागे पूर्वेकडे सरकत आलेले पशुपालक. पंधराव्या शतकापर्यंत ते हौसा प्रदेशात पोहोचले होते. त्यांच्यातील काही घराणी शहरांत राहून इस्लामी विद्येत पारंगत झाली, तर बाकीचे रानात गुरांसोबत राहिले.

या दोघांना बांधणारी गोष्ट होती शेणखत. येथील पाऊस साधारण मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडतो आणि त्यावर ‘दावा’ म्हणजे जोंधळा, ‘गेरो’ म्हणजे बाजरी आणि चवळी ही पिके घेतली जातात. (ही तिन्ही पिके मुळात आफ्रिकेतील असून हजारो वर्षांपूर्वी ती दख्खनच्या पठारावर आली. आपल्या भाकरीचे मूळ या खंडात आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.) काढणी झाली की फुलानी आपली गुरे त्याच शेतांत आणत. गुरे उभा कडबा आणि सरमड खात, रात्री तेथेच बसत आणि जमिनीला खत मिळे. मोबदल्यात शेतकरी धान्य देत असे. आपल्याकडे धनगरांची मेंढरे शेतात बसवण्याची जी रीत आहे, तिच्याशी हा व्यवहार इतका जुळतो की मराठी वाचकाला त्याचे फारसे स्पष्टीकरण लागू नये. फुलानी स्त्रिया भोपळ्याच्या भांड्यातून दही घेऊन बाजारात येत आणि बाजरीच्या उकडलेल्या गोळ्यांसोबत ते विकत. ‘फुरा दा नोनो’ हा पदार्थ म्हणजे शेतकऱ्याचे धान्य आणि गवळ्याचे दूध एकाच भांड्यात.

राजकीय नाते मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उलटेपालटे झाले. गोबिरमधील फुलानी विद्वान उस्मान दान फोदियो यांनी हौसा राजांवर अन्यायी कर, गुरांवरील जुलमी पट्टी आणि स्वतंत्र मुसलमानांना गुलाम करणे असे आरोप ठेवले आणि 1804 मध्ये जिहाद पुकारला. त्यांना फुलानी पशुपालकांप्रमाणेच अनेक हौसा शेतकऱ्यांचाही पाठिंबा मिळाला. 1808 मध्ये गोबिरची राजधानी अल्कालावा पडली आणि उस्मान यांनी उभारलेल्या सोकोटो खिलाफतीचा विस्तार झाला. झाझाउचा पराभूत राजवंश दक्षिणेकडे गेला. त्यातील अबू जा यांच्या नावावरून 1828 मध्ये वसवलेल्या नगराला अबूजा म्हणू लागले आणि पुढे नायजेरियाच्या राजधानीला तेच नाव मिळाले. विजेते फुलानी अमीर हौसा दरबारात बसले, हौसा बोलू लागले आणि हौसा घराण्यांशी सोयरीक जोडत गेले. जोडशब्दाचे मूळ येथे आहे. तरीही या राज्याचा मोठा भार गुलामांच्या श्रमावर होता आणि त्यांच्या शेतवस्त्या शहरांभोवती पसरल्या होत्या, हे विसरून या काळाचे गुणगान करणे योग्य नाही.

1903 मध्ये ब्रिटिशांनी कानो आणि सोकोटो जिंकले, पण ब्रिटिश उच्चायुक्त लुगार्ड यांच्या धोरणानुसार अमीर कायम ठेवले आणि त्यांच्यामार्फत कर वसूल केला. 1911 मध्ये लोहमार्ग कानोला पोहोचला. त्यावरून कापूस जाईल अशी ब्रिटिश गिरण्यांची अपेक्षा होती. शेतकऱ्यांनी मात्र अधिक भाव देणारा भुईमूग निवडला आणि त्यानंतर कित्येक दशके कानोमध्ये पोत्यांचे पिरॅमिड उभे राहत. शेतकऱ्याने स्वतःच्या हिशेबाने घेतलेला हा निर्णय मला या इतिहासातील सर्वांत बोलका वाटतो.

पेच निर्माण झाला तो यानंतर. गावांची लोकसंख्या वाढली आणि पडीक जमीन नांगराखाली आली. नदीकाठची ‘फदामा’ ही ओलसर जमीन पूर्वी कोरड्या हंगामात गुरांना चरायला मोकळी असे. पंप आल्यावर तेथे कांदा-टोमॅटो पिकू लागले. गुरांच्या ठरलेल्या ‘बुर्ताली’ वाटा शेतांनी गिळल्या. 1965 च्या कायद्याने चराऊ राखीव क्षेत्रांची तरतूद झाली, पण त्यातील अनेक कागदावरच राहिली. 1970 आणि 1980 च्या दशकांतील दुष्काळांनी कळप अधिक दक्षिणेकडे रेटले. रासायनिक खतामुळे शेणाची गरज घटली आणि कडबाही विकला जाऊ लागला, म्हणजे देवाणघेवाणीच्या दोन्ही बाजू एकदमच कमकुवत झाल्या. गेल्या दशकभरात झमफारा आणि कात्सिना या राज्यांच्या रानांत सशस्त्र टोळ्यांनी गुरे पळवली, खेडी लुटली, माणसे पळवून नेली. या हिंसेला दोन जमातींचे पुरातन वैर म्हणणे मला पटत नाही, कारण टोळ्यांनी फुलानी आणि हौसा दोघांनाही लुटले आहे आणि त्याआधी बंद झालेल्या पायवाटा कोणत्याही वैराहून अलीकडच्या आहेत.

ज्या गावांत शांतता टिकली आहे, तेथे आजही काढणीनंतर शेतकरी आणि गुराखी माई गारीच्या झाउरेत बसून गुरे कोणत्या शेतात आणि किती रात्री बसवायची ते ठरवतात.