केमोची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांची आरोग्य तपासणी : कोणाला, कधी, कोणते कागद

केमोच्या, म्हणजे कर्करोगावरची औषधे (केमोथेरपी) देणाऱ्या वॉर्डात रुजू होत असाल, तर पहिले औषध हातात घेण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या. हिला बेसलाइन तपासणी म्हणतात. पुढची प्रत्येक तपासणी हिच्याशी ताडून बघायची असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ४,५०० आल्या तर लॅबच्या लेखी त्या नॉर्मल. पण तुमच्या पेशी एरवी ८,००० च्या आसपास असतील, तर ही घसरण डॉक्टरांनी बघायलाच हवी. आधीचा आकडाच नसेल तर ती कोणाच्या लक्षात येणार?

ही खबरदारी उगाच नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोची काही औषधे स्वतःच माणसात कर्करोग घडवू शकतात. अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवणारे घटक जास्त आढळल्याचे फिनलंडच्या संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवले होते. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेने २००४ मध्ये सविस्तर इशारा दिला, त्यातही कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर नियमित देखरेख ठेवण्याची शिफारस आहे.

पात्र कोण?

औषध तयार करणाऱ्या आणि सलाइन लावणाऱ्या परिचारिका तर आल्याच. पण रुग्णाचा बेडपॅन उचलणारी, उलटीने भरलेली चादर बदलणारी, बदली ड्युटीवर अधूनमधून येणारी परिचारिकाही यात येते. डोस दिल्यानंतर निदान ४८ तास रुग्णाच्या लघवी-उलटीत औषधाचा अंश धरूनच चालायचे असते. मेथोट्रेक्सेट हेही केमोचेच औषध, म्हणून संधिवाताच्या रुग्णाला त्याच्या गोळ्या देणाऱ्यांनीही आपले नाव यादीत आहे का ते विचारावे. तिथे कोणी ‘केमो’ हा शब्द वापरत नाही, म्हणून ही नावे हमखास राहून जातात.

अर्ज आणि कागदपत्रे

नियम देशागणिक आणि संस्थेगणिक बदलतात. तपासणीसाठीचा अर्ज मात्र लेखीच करा आणि पोच घ्या. तो कर्मचारी आरोग्य विभागाकडे द्यावा. असा विभाग नसेल तर मेट्रनमार्फत (मुख्य परिचारिकेमार्फत) प्रशासनाकडे. नेमणुकीच्या आदेशाची प्रत, ड्युटी चार्ट, जुने रक्ताचे रिपोर्ट आणि स्वतः घेत असलेल्या औषधांची यादी सोबत जोडा.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे संपर्काची नोंद, आणि तो तुम्हालाच तयार करावा लागतो. कोणती औषधे, आठवड्याला साधारण किती वेळा, नेमके कोणते काम, हातमोजे-गाऊन कोणते, हे सगळे त्यात हवे. ‘केमो वॉर्डात काम’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. ‘सायक्लोफॉस्फामाइडची पिशवी संपल्यावर नळी काढते, तेव्हा टोकाला थेंब येतो’ असे लिहिले की कुठे बघायचे ते कळते.

तपासणीला गेल्यावर आधी प्रश्नावली भरावी लागते. तिच्यात पुरळ, केस गळणे, डोकेदुखी, पाळीतील बदल, गर्भपात, मूल होण्यातील अडचण असे प्रश्न असतात. खासगी वाटले तरी टाळू नका. ही माहिती वैद्यकीय फाइलमध्येच राहायला हवी, वरिष्ठांच्या टेबलावर नव्हे, आणि तसे विचारून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मग अंगावरची तपासणी होते, त्यात त्वचा, डोळे आणि तोंडाचा आतला भाग विशेष बघतात. पेशींच्या प्रकारांसह सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी होते. गरजेनुसार यकृताच्या चाचण्या आणि लघवीत रक्त आहे का तेही बघतात. पुढची तपासणी किती दिवसांनी, हे संपर्क किती आहे त्यावर ठरते.

औषध अंगावर सांडले तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. कपडे बदला, त्वचा साबण-पाण्याने धुवा, डोळ्यांत गेले असेल तर १५ मिनिटे पाण्याची धार सोडा. त्याच दिवशी लेखी नोंद करून डॉक्टरांना दाखवा.

गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या परिचारिकांनी पर्यायी ड्युटीसाठी वेगळा अर्ज द्यावा. मूल हवे असणाऱ्यांनी, पुरुषांनीही, तो आधीच द्यावा. गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत सुरुवातीचे नाजूक आठवडे निघून गेलेले असतात.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे वॉर्ड सुरक्षित ठरत नाही. सीबीसीत फरक दिसण्याइतकी वेळ यायलाच नको. म्हणून कामाच्या पृष्ठभागांवर औषधाचे अंश आहेत का, याची चाचणीही मागा.

बदली किंवा राजीनाम्याच्या वेळी शेवटची तपासणी होते. तेव्हा संपूर्ण फाइलची प्रत मागून घ्या. अमेरिकेत मालकाला अशा नोंदी नोकरी संपल्यावरही ३० वर्षे जपाव्या लागतात, कारण काही आजार उशिराच डोके वर काढतात. तुमच्याकडची प्रतही तितकीच जपून ठेवा.