फ्रीलान्सर वेगळा, इंडी वेगळा: ॲप कोणाचं ते आधी सांगा

"नोकरी सोडली, आता स्वतःची ॲप्स करतो," असं कुणी म्हणालं की मी लगेच विचारतो, स्वतःची म्हणजे कुणाची? उत्तर येतं: एक अंधेरीच्या क्लायंटचं, एक ठाण्याच्या डॉक्टरांचं. याला फ्रीलान्सिंग म्हणतात. मेहनतीचा, मानाचा धंदा आहे, माझं डोंबिवलीचं घर त्यावरच चालतं. पण त्याला इंडी म्हणू नका. इंडी डेव्हलपरचं ॲप त्याचं स्वतःचं असतं. कल्पना त्याची, कोड त्याचा, आणि कुणी एकच तारा देऊन शिव्या घातल्या तर त्याही त्यालाच.

फ्रीलान्सिंग तुम्हाला ठाऊकच आहे. कोटेशन, ॲडव्हान्स, बिल, टीडीएस कापून आलेली रक्कम, आणि शेवटच्या हप्त्यासाठी मारलेल्या चकरा. इंडीला बिल लावायला समोर कुणी नसतं. ॲप स्टोअर आपलं कमिशन कापून उरलेले पैसे पाठवतं. छोट्या डेव्हलपरसाठी ॲपल आणि गुगल या दोघांनीही २०२१ मध्ये ते ३० वरून १५ टक्क्यांवर आणलं. ॲप लिहिण्याचं साधन कोटलिन असो नाहीतर फ्लटर, त्याने फ्रीलान्सर आणि इंडी यांच्यात काडीचा फरक पडत नाही.

लोक अडकतात ते मालकीत. क्लायंटला वाटतं, पैसे मोजले म्हणजे कोड माझा. डेव्हलपरलाही तसंच वाटतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा वेगळं सांगतो. संगणक प्रोग्रॅम त्यात साहित्यकृतीत मोडतो आणि पहिला मालक लिहिणारा. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. फोटो, चित्र किंवा सिनेमा पैसे देऊन करून घेतला तर तो पैसे देणाऱ्याचा. पण प्रोग्रॅम त्या यादीत नाही. त्यामुळे फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, त्याने सही करून लेखी हस्तांतर केल्याशिवाय, त्याचाच राहतो. गिरगाव-परळच्या वाचकाला हे एका वाक्यात कळेल: पागडी भरली म्हणून चाळ नावावर होत नाही.

हस्तांतर केलं तरी कागद नीट वाचा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इंटरनेटवरून उतरवलेल्या करारात या दोन ओळी राहून गेलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत.

याची दुसरी बाजू मला जास्त महाग पडली. एका क्लायंटसाठी मी तिथी आणि तारीख एकत्र दाखवणारं कॅलेंडर लिहिलं होतं. तीन आठवडे त्यात गेले. अधिक महिना आणि क्षयतिथी बरोबर बसेपर्यंत झोप नव्हती. पुढे माझ्या स्वतःच्या भिशीच्या ॲपमध्ये तेच हवं होतं आणि वापरता येईना, कारण "सर्व कोड, सर्व हक्क, कायमचे" या ओळीखाली माझी सही होती. पुन्हा कोऱ्या फाइलपासून सुरुवात केली. आता माझ्या करारात एक कलम ठरलेलं असतं: आधीपासूनचा आणि सर्वसाधारण उपयोगाचा कोड माझा, तो वापरण्याचा परवाना तुमचा. फ्रीलान्सिंग करता करता इंडी व्हायचं असेल तर या कलमाशिवाय सही करू नका.

आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट: क्लायंटचं ॲप स्वतःच्या डेव्हलपर अकाउंटवरून टाकणं. "तुम्हीच टाका हो, आम्हाला त्यातलं कळत नाही," असं म्हणतात आणि आपण टाकतो. दादरच्या एका केटरिंगवाल्यांचं मी असंच टाकलं. स्टोअरवर डेव्हलपर म्हणून नाव माझं, ईमेल माझा. गणपतीत सकाळी सातला मेल: "उकडीचे मोदक अजून आले नाहीत." पुढे त्यांनी दुसरा माणूस धरला आणि त्याला अपडेट टाकता येईना, कारण ॲप माझ्या अकाउंटमध्ये. ॲप एका अकाउंटवरून दुसऱ्यावर नेता येतं, इन्स्टॉल आणि रिव्ह्यूही सोबत जातात. पण त्यासाठी आधी त्यांचं अकाउंट हवं, म्हणजे जे पहिल्या दिवशी करायचं तेच भांडण झाल्यावर करावं लागलं.

गुगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९. हे पैसे क्लायंटच्या कार्डावरून, क्लायंटच्या ईमेलने भरले जाईपर्यंत मी आता लॅपटॉप उघडत नाही. त्यांच्या अकाउंटवर मला परवानगी देतात, काम संपलं की काढून घेतात.

माझं अकाउंट फक्त माझ्या ॲप्ससाठी. भिशीचं ॲप टाकायची वेळ आली तेव्हा, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं गुगल प्लेचं वैयक्तिक अकाउंट असल्याने, प्रकाशित करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेणं भाग होतं. आईच्या भिशीतल्या अकरा बायका आणि आमचे वॉचमनकाका, असे बारा जमले. त्यातल्या जोशीकाकूंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "हे ॲप कुणाचं रे?"

"माझं," म्हणालो.