मधुमेहाचं औषध घरी नेल्यावर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन दर महिन्याला आमच्या मेडिकलमधून नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. डॉक्टर औषध आणि डोस लिहून देतात. पण औषध घरी कसं ठेवायचं, चतुर्थीला गोळीचं काय करायचं, विम्याच्या फॉर्मवर काय भरायचं, हे चिठ्ठीत मावत नाही आणि संध्याकाळच्या गर्दीत आम्हालाही नीट सांगता येत नाही. औषध चांगलं असूनही शुगर हाताबाहेर जाते, त्यामागे पुष्कळदा अशीच एखादी राहून गेलेली गोष्ट असते. डोस वाढवणं, कमी करणं किंवा बंद करणं मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यात आम्ही पडत नाही, तुम्हीही स्वतःच्या मनाने पडू नका.

इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज

सर्वांत आधी हे वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा 40 युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या काडतुसातलं बहुधा 100 युनिटचं असतं आणि काही बाटल्याही 100 च्या येतात. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. दोन्ही सिरिंज दिसायला जवळजवळ सारख्या, म्हणून घोटाळा होतो.

समजा डॉक्टरांनी 20 युनिट सांगितलेत. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात 50 युनिट जातात. तेवढ्याने माणूस बेशुद्ध होऊ शकतो. उलट 40 चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये 20 पर्यंत भरलं तर जेमतेम 8 युनिट जातात आणि शुगर चढतच राहते. म्हणून सिरिंज घ्यायला घरातलं कोणीही आलं तरी बाटली किंवा तिच्या खोक्याचा फोटो सोबत असू द्या. पेन बिघडलं म्हणून त्याच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन काढू नका. आम्हाला फोन करा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीझरमध्ये किंवा त्याला टेकून नको, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. वापरायला काढलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा. घरात फ्रीज नसेल तर मातीचं मोठं मडकं घ्या, त्यात ओली वाळू भरा, वाळूत झाकणाचं लहान मडकं बसवा आणि इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या कपाटापेक्षा हे कितीतरी बरं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत इन्सुलिन ठेवू नका. दुधट दिसणारं इन्सुलिन दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवून एकजीव करायचं, खळखळ हलवायचं नाही. आणि रोज त्याच जागी टोचू नका. तिथे गाठ धरते आणि मग औषध नीट लागू पडत नाही.

शुगर अचानक उतरली तर

घाम फुटणं, हात थरथरणं, एकदम कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा. अशा वेळी मशीनवर 70 च्या खाली आकडा दिसला, किंवा मशीन हाताशीच नसलं, तरी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच घ्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आता एक गोष्ट अनेक घरांत माहीत नसते. तुमच्या गोळीच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का ते बघा. तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ते बऱ्याचदा असतं. ते चालू असेल तर घरातली साखर पचून रक्तात उतरायला वेळ लागतो. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवायची. पुडा स्वस्त आहे. एक घरी आणि एक कामाच्या ठिकाणी ठेवा.

उपवास आणि रोजचं ताट

ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतली आणि एकादशी म्हणून दुपारपर्यंत पोटात काही नाही, की शुगर उतरते. मग साबुदाण्याची खिचडी होते आणि तीच शुगर झपाट्याने चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वरई आणि बटाटाही त्याच वळणाचे. उपवास सोडा असं आम्ही म्हणत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण श्रावण किंवा नवरात्र लागण्याआधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसांचा डोस लिहून घ्या. फराळात दही, ताक, काकडीची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे वाढवा आणि खिचडी वाटीभरच ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रोजच्या जेवणाबद्दल एवढंच: ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी हे खरं, पण म्हणून तीन भाकऱ्या चालत नाहीत. आपल्या ताटात पिष्ट जास्त आणि प्रथिनं कमी ही खरी अडचण आहे. मटकीची उसळ, पिठलं, घट्ट वरण, अंडी, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळा असू द्या. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. गूळ आणि मध ही साखरच. आंबा खायचा असेल तर चार फोडी खा आणि त्या जेवणात एक पोळी कमी करा. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला.

पुण्यातलं संशोधन आणि तुमच्या पायांच्या मुंग्या

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीने भारतात सुमारे 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आपली माणसं दिसायला सडपातळ असूनही एवढ्या संख्येने का? या प्रश्नाचा मागोवा पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी घेतला. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. घरातल्या ज्या पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, त्यांचीही शुगर तपासून घ्या.

पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांच्या आणि त्यांच्या मुलांच्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला बी12 या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता आढळली. शाकाहारी घरांत ती बऱ्याचदा असते, त्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने ती वाढू शकते. तळपायांना मुंग्या येतात, आणि ‘शुगरमुळे होतंय’ म्हणून आपण गप्प बसतो. मुंग्या बी12 मुळेही येतात आणि वेळेवर उपचार केले तर त्या बऱ्याच आटोक्यात येतात. मेटफॉर्मिन घेत असाल तर वर्षातून एकदा बी12 तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

‘शुगर मुळापासून बरी’ अशा जाहिरातींबद्दल स्पष्ट सांगतो. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत वजन बरंच उतरवलेल्या रुग्णांपैकी अनेकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात आली हे खरं. पण त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, ते इन्सुलिनवर नव्हते, आणि सगळं वैद्यकीय देखरेखीखाली चाललं होतं. पुडीने ते झालं नव्हतं.

खर्च आणि विमा

स्वस्त पर्याय विचारायला संकोच करू नका. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि तीच गोळी अनेक भारतीय कंपन्यांनी खूप कमी भावात आणली. जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन आमच्यापेक्षा स्वस्त मिळेल, तिथून घेतलंत तरी आम्हाला आनंदच आहे. ब्रँड बदलताना घटक आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना, हे आम्हाला दाखवून घ्या.

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च देत नाहीत. रुग्णालयात दाखल झाल्यावर मात्र दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतली औषधं बऱ्याच पॉलिसींत मिळतात, म्हणून रुग्णाच्या नावाचं पक्कं बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. मधुमेह असला तरी विमा मिळतो. एप्रिल 2024 पासूनच्या नियमानुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती.

फॉर्म एजंट भरतो, ‘मधुमेह’च्या रकान्यात ‘नाही’ लिहितो आणि आपण सही करून मोकळे होतो. पुढे हृदयविकाराचा झटका येतो, जुन्या कागदांत शुगरच्या गोळ्या सापडतात आणि क्लेम अडकतो. तो रकाना स्वतः भरा. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत सोबत आलेली फॉर्मची प्रत वाचून काढा. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ही सवलत नाही.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत दाखल-उपचार मिळतात. कागदपत्रं योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर उत्पन्न कितीही असो, रुग्णालयातल्या मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपालांची कार्यालयं आहेत. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. औषधांच्या जुन्या बिलांची प्रत हवी असेल तर रुग्णाचं नाव आणि साधारण महिना सांगा, आम्ही शोधून देऊ.