दूरचित्रवाणीवरील हिंसा आणि प्रेक्षकाची निवड (सोलापूर)

पडद्यावर दिसणारी किंवा नुसती ऐकू येणारी मारहाण, खून, लैंगिक अत्याचार, छळ, धमक्या, तसेच बातम्यांतून दाखवले जाणारे मृतदेह आणि जखमी माणसे यांना मिळून दूरचित्रवाणीवरील हिंसा म्हटले जाते. यातले काय, केव्हा आणि किती पाहायचे हे ठरवण्याचा हक्क आणि तो वापरता येण्याजोगी सोय म्हणजे प्रेक्षकाची निवड. ‘नको असेल तर चॅनल बदला’ असे एक बाजू म्हणते आणि ‘असले दाखवूच नका’ असे दुसरी. टीव्हीसमोर एकच माणूस बसलेला आहे आणि रिमोट त्याच्याच हातात आहे, हे दोघींनीही धरून चाललेले असते. सोलापुरातल्या बहुतेक घरांना ते लागू पडत नाही.

सोलापूर हे यंत्रमाग, चादर-टॉवेल आणि विड्यांचे गाव. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठ्या संख्येने आहे. कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरे त्याच वस्त्यांत शेजारीपाजारी राहतात. विडी कामगार बायका पान-तंबाखू घरी आणून विड्या वळतात आणि त्या वेळी टीव्ही चालूच असतो. हात आणि नजर सुपात गुंतलेली असल्याने तो पाहण्यापेक्षा ऐकलाच जास्त जातो. किंकाळी, ठोसा, पार्श्वसंगीताचा दणका हे सगळे घरभर पोहोचते, शेजारी गृहपाठ करणाऱ्या मुलापर्यंतही. मान फिरवली की दृश्य टळते, आवाज टळत नाही, आणि एका खोलीच्या घरात उठून दुसरीकडे जायलाही जागा नसते. हिंसेवरच्या लिखाणात आवाजाचा विचार फारच कमी झाला आहे, ही त्यातली मोठी उणीव मानायला हवी.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच सरकारी वाहिनी होती तोवर निवडीचा प्रश्न टीव्ही लावायचा की बंद ठेवायचा इतकाच होता. १९९१नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबल आली. सोलापूरकरांच्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट म्हणजे हैदराबाद आणि बंगळूरूकडच्या वाहिन्या घरात येऊ लागल्या. तेलुगू व कन्नड चित्रपट आणि मालिका मूळ भाषेत पाहणारे प्रेक्षक आणि तेच तेलुगू चित्रपट हिंदीत ‘डब’ होऊन आल्यावर दुपारी पाहणारे प्रेक्षक एकाच गल्लीत राहतात. कोयते, हवेत उडणाऱ्या जीप आणि एका फटक्यात आडवी होणारी दहा माणसे दोघांच्याही ओळखीची. डब केलेल्या आवृत्तीला चित्रपट प्रमाणन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे मूळ आणि डब आवृत्तीतले काटछाटीचे प्रमाण सारखेच असेल असे नाही.

कायद्याची चौकट मुख्यतः १९९५च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्यातून येते. त्याखालच्या १९९४च्या नियमांतील नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता. (नियमांचे साल कायद्याच्या आधीचे दिसते, कारण आधी अध्यादेश आला होता.) हिंसेला चिथावणी देऊ शकेल असा कार्यक्रम संहितेनुसार दाखवता येत नाही. मुलांना अयोग्य असलेले कार्यक्रम, मुले सर्वाधिक संख्येने टीव्ही पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत, असेही ती सांगते. दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर मार्च २०१५मध्ये निर्बंध आले. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याच्या थेट चित्रीकरणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात कडक ताशेरे ओढले होते. बातम्यांत रक्तबंबाळ देह आणि मारहाणीची दृश्ये जशीच्या तशी दाखवू नयेत, अशी सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी वाहिन्यांना दिली.

कायद्याने जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि पोलिस आयुक्त यांना प्राधिकृत अधिकारी ठरवले आहे, म्हणजे सोलापुरात बसूनही एखाद्या केबल प्रक्षेपणावर कारवाई होऊ शकते. संहिता स्थानिक केबल वाहिन्यांनाही लागू आहे. अपघाताच्या जागी सर्वांत आधी पोहोचणारा कॅमेरा बहुधा त्यांचाच असतो, आणि पडद्यावरचा माणूस पाहणाऱ्याच्या ओळखीचा निघण्याची शक्यताही तिथेच अधिक, त्यामुळे हा मुद्दा गावपातळीवर महत्त्वाचा ठरतो.

मनोरंजन वाहिन्यांनी २०११मध्ये स्वतःची तक्रार परिषद स्थापन केली. निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात आणि प्रक्षेपणानंतर १४ दिवसांच्या आत तक्रार करता येते. कार्यक्रम सर्वांसाठीचे आणि मर्यादित अशा दोन गटांत विभागून दुसरा गट रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत ठेवावा, असे या वाहिन्यांच्या नियमावलीत आहे. ब्रिटनमध्ये ही सीमा रात्री ९ची आहे. घड्याळाचा हा आधार मुले वेळेवर झोपतात असे धरून चालतो. ज्या घरात रात्रपाळी सुटते तेव्हा जेवणे होतात, किंवा टीव्हीच्या खोलीतच सगळ्यांची अंथरुणे पडतात, तिथे ११ वाजल्याने फारसे काही बदलत नाही. शिवाय सासू-सुनेच्या मालिकांतले विष कालवणे, कानशिलात मारणे, महिनोन्‌महिने चालणारा मानसिक छळ हे सगळे संध्याकाळी सातपासून सुरू असते. रक्त दिसत नाही म्हणून त्याला कोणी हिंसा म्हणत नाही, एवढेच.

हिंसा पाहून माणूस हिंसक होतो का, यावर साठ वर्षे वाद चालू आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१मध्ये स्टॅनफर्ड येथे केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी तशीच मारहाण केली. १९६३मध्ये चित्रफितीवरही तो परिणाम दिसला. बाहुली मारण्यासाठीच बनवलेली असते, हा त्यावरचा आक्षेप वाजवी आहे. माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांचे म्हणणे वेगळे होते. फार टीव्ही पाहणाऱ्याला जग असते त्याहून अधिक क्रूर वाटू लागते, असे त्यांनी मांडले. सोलापूरच्या घरांच्या बाबतीत बांदुरांपेक्षा गर्बनरच अधिक उपयोगी पडतात. रोज रात्री गुन्हेकथा पाहणाऱ्या घरातला मुलगा कोयता घेऊन निघण्यापेक्षा, त्या घरातल्या मुलीची संध्याकाळची शिकवणी भीतीपोटी बंद होण्याची शक्यता कितीतरी जास्त. बांदुरांच्या प्रयोगातला परिणाम प्रत्यक्ष घरांत किती लागू पडतो आणि गर्बनर यांचा पुरावा सहसंबंधापलीकडे, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळतात यापलीकडे, किती जातो याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

तांत्रिक सोयींकडे वळले तर अमेरिकेने १९९६च्या दूरसंचार कायद्याने टीव्ही संचात व्ही-चिप सक्तीची केली. १ जानेवारी २०००पासून १३ इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या सर्व नव्या संचांत ती आली. कार्यक्रमासोबत येणारी श्रेणी वाचून ती नको तो कार्यक्रम अडवते. भारतात अशी सक्ती नाही. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूर होते आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तेव्हा घरोघरी आलेल्या सेट टॉप बॉक्सांत पिन टाकून चॅनलला कुलूप लावता येते. पण कुलूप लागते ते सबंध वाहिनीला. एका हिंसक कार्यक्रमासाठी आजीचे कीर्तनही बंद करावे लागत असेल, तर ते लावणार कोण?

१ फेब्रुवारी २०१९पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) नव्या दरपद्धतीने प्रेक्षकाला हवे तेवढेच चॅनल घेण्याची मुभा मिळाली. सुरुवातीला १०० वाहिन्यांपर्यंत दरमहा १३० रुपये अधिक कर असे मूळ शुल्क होते आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. कागदावर ही प्रेक्षकाच्या निवडीतली सर्वांत मोठी सुधारणा होती. व्यवहारात प्रसारकांचे गठ्ठे सुट्या वाहिन्यांपेक्षा स्वस्त पडतात आणि ते भाषेनुसार बांधलेले असतात. घरात आईला तेलुगू, शेजारून आलेल्या सुनेला कन्नड आणि मुलांना मराठी-हिंदी हवे असेल तर गठ्ठे वाढतात. मग केबलवाला सुचवेल ते पॅकेज घेतले जाते आणि त्यातून न मागितलेल्या वाहिन्याही येतात. न पाहण्याची निवड तर मोजलीही जात नाही. प्रेक्षकसंख्येचे आकडे देशभरातल्या पन्नास-साठ हजार घरांत बसवलेल्या, काय पाहिले ते नोंदवणाऱ्या मीटरवरून काढले जातात. ज्या घरात मीटर नाही, तिथे रागाने बंद केलेला टीव्ही कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

आता बरेच पाहणे मोबाइलवर सरकले आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या मंचांना वयानुसार श्रेणी दाखवणे आणि १३ वर्षांवरील श्रेणीपासून पुढे कुलपाची सोय देणे बंधनकारक केले. टीव्हीला जे जमले नव्हते ते, म्हणजे कार्यक्रमागणिक निवड, इथे शक्य झाले. २०२३च्या चित्रपट कायद्यातील दुरुस्तीने प्रौढांसाठीच्या चित्रपटांना टीव्हीसाठी वेगळ्या प्रमाणपत्राची तरतूद केली. पण डब केलेले चित्रपट आणि मारामाऱ्यांची तुकड्यातुकड्यांची दृश्ये फुकट पाहिली जातात ती मुख्यतः यूट्यूबसारख्या मंचांवर. ते ओटीटीच्या या वर्गीकरणात येत नाहीत आणि स्वतःच्याच वयोमर्यादेच्या नियमांवर चालतात. घरातला टीव्ही चावडीवर असल्यासारखा होता; कोण काय पाहतोय ते सगळ्यांना दिसायचे आणि कोणीतरी ‘बदल ते’ म्हणायचे. कानात हेडफोन घातलेल्या मुलाला तसे म्हणणारे कोणी नसते.